तान्ह्या पोळ्याला चमकीचा स्लाइम: कॉलनी ग्रुपवरची चर्चा

घर ७ वहिनी: तान्ह्या पोळ्याला सकाळी पोट्ट्यांसाठी काहीतरी हाताने करायचं ठेवायचं आहे. सगळे चमकीवाला स्लाइम म्हणून राहिले. १६ लेकरं आहेत, त्यातली ४ अगदी लहान. फेविकॉल, रंग, चमकी आणून ठेवली आहे. प्रमाण कोणी नीट सांगेल काय?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): सांगते वहिनी. आधी एक, चौघा लहानांचं वेगळं करू, त्यांच्या हातात हा स्लाइम द्यायचा नाही. मोठ्या १२ जणांचं प्रमाण असं. दर लेकरामागे ५० मिली फेविकॉल, ५० मिली पाणी, १ थेंब खायचा रंग, अर्धा छोटा चमचा बारीक चमकी. आणि टाकणखाराचं (बोरॅक्सचं) पाणी साधारण २५ मिली. औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं झाकण मोजायला सगळ्यांत बरं.

घर ७ वहिनी: टाकणखाराचं पाणी कसं करायचं? आणि टाकणखारच पाहिजे काय?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): पाहिजेच. घट्टपणा त्यानेच येतो. २४० मिली कोमट पाण्यात १ सपाट छोटा चमचा, म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, तळाला कण राहू द्यायचे नाहीत. न विरघळलेला कण गोंदात गेला की तिथं लगेच कडक गाठ होते, मग कितीही मळा, ती मोडत नाही. १२ जणांना ३०० मिली लागेल, म्हणून दोन कप करून ठेवा. हे पाणी मोठ्या माणसानेच करायचं. भुकटी लेकरांच्या हाताला लागू द्यायची नाही.

मेडिकलवाले भाऊ: मॅडम, किराण्यात मागताना गडबड होते. टाकणखार मागितला की तुरटी किंवा पापडखार हातात येतो, तिन्ही पांढरे. तुरटीने स्लाइम होतच नाही, ती आंबट गुणाची आहे, उलटं काम करते. घरी पाहायचं असेल तर चिमूटभर पाण्यात विरघळवून त्यात थोडी हळद टाका. टाकणखार असला तर हळद लालसर तपकिरी होते, तुरटी असली तर पिवळीच राहते. पापडखारानेही हळद लाल होते, म्हणून दुसरी परीक्षा, लिंबू पिळा. फसफसलं तर पापडखार किंवा सोडा, नाही फसफसलं तर टाकणखार.

घर ७ वहिनी: अरे वा, हे कामाचं आहे भाऊ. आणि पिवळा रंग करायला हळदच टाकून पाहणार होते मी.

शाळेच्या मॅडम (विज्ञान): नका टाकू. भाऊंनी सांगितलं तेच होईल, पिवळा राहायचा सोडून विटकरी होईल. खायचा पिवळा रंग १ थेंब पुरे. जास्त टाकला तर हात रंगतात, आणि संध्याकाळी त्याच हातांनी पोळ्याचा लाकडी नंदी धरायचा आहे.

घर २ आजी: बाई, टाकणखाराची लाही तर आम्ही लेकराच्या तोंडात मधासोबत लावत होतो. तोंड आलं की हेच औषध. मग हातात धरायला एवढं भ्यायचं कायले?

मेडिकलवाले भाऊ: आजी, तेव्हा तसं चालायचं, पण आता डॉक्टर सांगत नाहीत. मध आणि टाकणखार लावलेली चोखणी दिल्यामुळे बाळांना झटके आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. थोडा थोडा रोज पोटात गेला तरी तो अंगात साचत जातो. आणि १ वर्षाखालच्या बाळाला तर नुसता मधही देऊ नये. हाताने खेळून झाल्यावर साबणाने हात धुतले तर मोठ्या लेकरांना चालतं. तोंडात, डोळ्यात आणि कापलेल्या जागी मात्र जाऊ द्यायचं नाही.

घर २ आजी: बरं जी. नवीन कळलं.

कॉलेजचा दादा (घर ५): कॅरमची पावडर चालते काय? ती पण बोरिकच असते म्हणतात.

शाळेच्या मॅडम (विज्ञान): बऱ्याच कॅरम पावडरी बोरिक ॲसिडच्या असतात, पण ती एकटी पुरत नाही. सोबत खायचा सोडा घालून पाणी अल्कधर्मी केलं तरच गोंद धरतो. शिवाय पाकिटावर पूर्ण घटक लिहिलेले नसतात आणि पूड उडते, नाकात जाते. मी तरी लेकरांच्या कामात ती वापरणार नाही. कपडे धुवायच्या लिक्विडचंही तेच, ज्यात बोरेट, म्हणजे टाकणखारातलाच घटक असेल त्यानेच जमतं आणि कातडीला आग होते ती वेगळी.

घर ५ ताई: मॅडम, कोणता फेविकॉल? आमच्याकडे सुताराच्या कामाचा एसएच पडला आहे.

शाळेच्या मॅडम (विज्ञान): कागदकामाचा एमआर घ्या. एसएच दाट असतो, होतो स्लाइम पण जड आणि लवकर तुटणारा. खळ, लई यांचा असा स्लाइम होत नाही. फेविक्विक तर खोलीत सुद्धा आणायचं नाही, कातडीला कातडी चिकटते. पारदर्शक गोंद मिळाला तर चमकी खूप खुलते, कारण पांढऱ्यात ती आत बुडून जाते, वरचीच दिसते. पण बाजारातल्या सगळ्या पारदर्शक डिंकांचा स्लाइम होत नाही. आणल्यावर एक चमचा गोंदात ४-५ थेंब टाकणखाराचं पाणी टाकून ढवळा. काही सेकंदांत गोळा धरला तर कामाचा, पाणीच राहिला तर दुकानात परत.

कॉलेजचा दादा (घर ५): पण होतं काय नेमकं? एवढं पातळ एकदम गोळा कसं होतं?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): गोंदात लांब लांब साखळ्या असतात, सुट्या कडब्यासारख्या एकमेकींवरून घसरतात. टाकणखार पाण्यात गेला की बोरेट तयार होतं, ते या साखळ्यांना मधे मधे बांधतं. पेंडीचा बंधच समजा. बंध कमी तर ढीग घसरतो, म्हणजे चिकट स्लाइम. बंध जास्त तर पेंडी कडक, म्हणजे रबरासारखा तुटका. आणि हे बंध पक्के नसतात, सुटतात आणि पुन्हा बसतात. म्हणून हळू ओढला तर लांबच लांब जातो, झटक्याने ओढला तर तटकन तुटतो. पोट्ट्यांना हे दोन्ही करून दाखवा, त्यांना फार आवडतं. १९७६ मध्ये मॅटेल कंपनीने अमेरिकेत स्लाइमचं पहिलं खेळणं विकलं, ते फेविकॉलसारख्या गोंदाचं नव्हतं, गवार गमचं होतं. आपल्या गवारीच्या बियांतला डिंक.

घर ७ वहिनी: वा! बरं, आता क्रम सांगा. एकदम सगळं टाकायचं काय?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): मुळीच नाही, इथंच बिघडतं. कागदी ग्लासात आधी फेविकॉल, मग पाणी, आइसक्रीमच्या काडीने एकजीव. मग रंग. मग चमकी, आणि ती टाकणखाराच्या आधीच. गोळा झाल्यावर चमकी टाकली तर आत जात नाही, वर बसते आणि हाताला, केसांना लागत फिरते. नंतर टाकणखाराचं पाणी ५ मिली, ढवळा. आणखी ५, ढवळा. तिसऱ्या वेळी काडीभोवती गोळा व्हायला लागतो, तिथून एक एक मिली. ग्लासाच्या कडा सुटल्या की थांबायचं. ग्लासात थोडं पाणी उरलं तर ते ओतून द्या. तेवढ्यात स्लाइम चिकटच वाटेल, आणि इथंच लोक घाई करून आणखी पाणी ओततात. करू नका. हातात घेऊन २-३ मिनिटं मळा, चिकटपणा आपोआप जातो. मळल्यावरही बोटांना धरत असेल तरच अर्धा मिली.

घर ५ ताई: आणि जास्त पडलं तर?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): कडक झालेला स्लाइम कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मळा. नाहीच झाला तर ४-५ थेंब ग्लिसरीन. टाकणखार ग्लिसरीनशीही जोडला जातो, काही बंध सुटतात आणि गोळा मऊ येतो. हाताला लावायचं लोशनही चालतं. मात्र लिंबू अजिबात नको. आंबटाने बोरेटचं बोरिक ॲसिड होतं आणि बंध सुटून पुन्हा पातळ होतं.

मेडिकलवाले भाऊ: ते लिंबू कपड्यासाठी ठेवा. सतरंजीला किंवा नऊवारीला स्लाइम चिकटला तर खरवडून काढा, मग त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस १० मिनिटं, नंतर कोमट पाणी आणि साबण. केसांतही हेच, पण डोळ्यांत जाऊ न देता. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात लावून पाहा.

कॉलेजचा दादा (घर ५): पाणी बोअरचं चालेल काय?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): दर्यापूरकडच्या आपल्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी टाळा. पांढरा फेविकॉल म्हणजे पाण्यात विखुरलेले फार बारीक कण. पाण्यात क्षार जास्त असले की हे कण एकमेकांना धरून बारीक गुठळ्या होऊ शकतात, दूध फाटल्यासारखं दिसतं. आरओच्या कॅनचं पाणी घ्या, १२ लेकरांना दोन लिटर पुष्कळ झालं.

घर ७ वहिनी: चमकी किती घ्यायची ते अर्धा चमचा म्हणाल्या, पण पोट्टे तर पुडीच रिकामी करतात.

शाळेच्या मॅडम (विज्ञान): म्हणून आधीच कागदाच्या पुड्या बांधून ठेवा, एका लेकराला एक. चमकी जास्त झाली की साखळ्यांच्या मधे कण येतात आणि स्लाइम ताणला की तिथूनच फाटतो. हाताला खरबरीत लागतो ते वेगळं. रंग सोडते का ते पण पाहा. वाटीत साबणाच्या पाण्यात चिमूटभर चमकी १० मिनिटं ठेवा. पाणी रंगलं तर ती चमकी परत करा. नाहीतर दोन तासांत सगळ्या स्लाइमचा रंग मळका होतो. आणि रांगोळीत टाकायची जाड टोकदार चमकी नको, बारीक घ्या.

मेडिकलवाले भाऊ: चमकीचे कण डोळ्यात गेले तर चोळायचं नाही, बुबुळाला ओरखडा पडतो. डोळा उघडा ठेवून स्वच्छ पाण्याची धार. तरी खुपत असेल तर डॉक्टर. ओसरीत करणार असाल तर पंखा बंद ठेवा. खाली जुने वर्तमानपत्र पसरा, शेवटी तेच गुंडाळून टाकायचं, झाडू फिरवायचाच नाही. उरलेली चमकी ओल्या कापडाने किंवा कणकेच्या गोळ्याने टिपून घ्या. तो गोळा गाईपुढं टाकू नका.

घर ५ ताई: हे महत्त्वाचं बोललात. उरलेला स्लाइम कुठं टाकायचा मग? नालीत?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): नालीत नाही, मोरीतही नाही. तिथं साचून पाणी तुंबतं. उकिरड्यावर पण नको, गुरं तोंड लावतात, आणि उकिरड्याचं खत पुढं वावरात जातं. चमकी म्हणजे प्लास्टिकची फिल्म, ती मातीत कुजत नाही. युरोपात तर सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आली. कागदावर पसरून वाळवा, पापुद्रा होतो, तो सुक्या कचऱ्यात. म्हणूनच मी चमकी मोजून द्या म्हणते.

घर ७ वहिनी: आणि चौघं लहान? ते रडतील, आम्हालाच कसं नाही म्हणून.

घर २ आजी: त्यांना जवसाचं करून दे. जवस उकळलं की कसं बुळबुळीत होतं.

शाळेच्या मॅडम (विज्ञान): आजी बरोबर बोलल्या. पाव वाटी जवस, २ वाट्या पाणी, मंद आचेवर १० मिनिटं, ढवळत. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की उतरवा आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. गार झाल्यावर फडक्यातून उतरतच नाही. जास्त उकळलं तरी तेच होतं. पूर्ण गार झाल्याशिवाय लेकरांना देऊ नका. हा ताणला जात नाही, नुसता बोटांतून ओघळतो, पण लहानांना तेवढंच पाहिजे असतं.

मेडिकलवाले भाऊ: गोळ्यासारखा पाहिजे असेल तर इसबगोल. १ छोटा चमचा भुसी, १ कप पाणी, ढवळत उकळा. गार करा, पुन्हा उकळा. जितक्या वेळा उकळाल तितका रबरासारखा होतो, ४-५ वेळा पुरे. कोरडी भुसी मात्र लेकरांच्या हाती देऊ नका, घशात फुगते. हे दोन्ही प्रकार सकाळी केले तर संध्याकाळपर्यंतच ठेवा. फ्रिजमध्ये फार तर दुसऱ्या दिवशी. या दमट हवेत लगेच वास मारतात.

घर ७ वहिनी: लहानांच्यात चमकी घालू का?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): नाही. भिजलेला सब्जा एक चमचा मिसळा, काळे टिपके छान दिसतात. तोंडात गेला तरी चमकीसारखी भीती नाही. पण दोन्ही टेबलं वेगळी ठेवा आणि लहानांपाशी एक मोठं माणूस बसवा, नाहीतर ते हमखास मोठ्यांच्या ग्लासाकडे जातील.

घर ५ ताई: लहानांच्या टेबलाशी मी बसते.

मेडिकलवाले भाऊ: आणखी एक, टाकणखाराचं पाणी थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नका. काचेच्या बरणीत, वर मोठ्या अक्षरात लिहून, उंच फळीवर. स्वयंपाकाचे चमचे, वाट्या यात वापरायच्या नाहीत. कोणी प्यालं तर उलटी करवायची नाही, तोंड धुवून थेट ग्रामीण रुग्णालयात.

घर ७ वहिनी: लेकरं घरी नेतील तेव्हा कशात देऊ? किती दिवस टिकतो?

शाळेच्या मॅडम (विज्ञान): झाकणाच्या छोट्या डबीत किंवा चेनच्या पिशवीत. उघडा ठेवला तर वाळून रबर होतो. बंद ठेवला तर आठवडाभर तरी चांगला राहतो. मळक्या हातांनी खेळला की बुरशी धरतो, काळे-हिरवे ठिपके दिसले की टाकायचा. पारदर्शक गोंदाचा केला तर मळताना हवा जाऊन धुरकट दिसेल, घाबरू नका. झाकून ठेवला की एक-दोन दिवसांत बुडबुडे वर येतात आणि काचेसारखा होतो. तसा पाहिजे असेल तर दोन दिवस आधी करा.

घर ७ वहिनी: ठीक आहे. १ किलो एमआर आहे, १२ जणांना ६०० मिली जाईल. उरलेल्यातून आज रात्री एक ग्लास करून पाहते, म्हणजे या टाकणखाराला नेमकं किती मिली लागतं ते समजेल.

शाळेच्या मॅडम (विज्ञान): हो, ते कराच. लाही केलेला टाकणखार आला असेल तर चमच्याचं माप बदलतं, तो फुगलेला आणि हलका असतो. खडे असतील तर कुटून, गाळून घ्या. सकाळी १० ला सुरू करा, ११.३० ला सगळ्यांचे हात धुवून जेवायला बसवा. नखांतली चमकी जुन्या दातांच्या ब्रशने निघते.

घर ७ वहिनी: मॅडम, करून पाहिला. १८ मिलीलाच कडा सुटल्या. २५ टाकले असते तर कडक झाला असता.

शाळेच्या मॅडम (विज्ञान): मग उद्या १५ मिलीपर्यंत ओता आणि पुढे थेंबाथेंबाने. बरणीवर १८ लिहून ठेवा.