आर्क्स फटालिस: जादू माउसने काढायची की बटण दाबून मोकळं व्हायचं?

भुयारी: २००२ चा आर्क्स फटालिस हा कॉम्प्युटर गेम परत खेळायला घेतलाय. सूर्य विझलाय म्हणून माणसं, गॉब्लिन, ट्रोल सगळे जमिनीखाली राहायला गेलेत आणि आपण गॉब्लिनच्या कोठडीत जागे होतो. पण खरी मजा जादूची, बटण नाहीच, कंट्रोल दाबून माउसने हवेत रून, म्हणजे जादूची चिन्हं, काढायचे, आधी आम म्हणजे आडवी रेघ, मग योक, की मशाल पेटली, त्यालाच पुढे तार जोडला की आगीचा गोळा. कोळी अंगावर येतोय आणि इथे रेघ वाकडी, मंत्र फुकट! असली धाकधूक आता कुठल्या गेममध्ये आहे सांगा.

रेघोट्या: धाकधूक कसली, डोकेदुखी म्हणा. धड काढलेला रूनसुद्धा ओळखत नाही राव. म्हणून तीन मंत्र आधीच तयार करून ठेवायचे आणि ते संपले की पळत सुटायचं. वर वाट दाखवणारा बाण नाही, कुठे जायचं ते आपणच लक्षात ठेवा. त्याच वर्षी मॉरोविंड हा दुसरा गेम आला, लोक तिकडे वळले ते उगाच नाही.

भुयारी: मॉरोविंड आवडतोच, पण तो अवाढव्य. इथे जागा लहान म्हणून प्रत्येक वस्तूला काहीतरी काम आहे. पिठावर पाणी ओतलं की कणीक होते, ती विस्तवाजवळ ठेवली की भाजून निघते, आणि हे कुणी शिकवत नाही, आपलं आपल्याला सुचतं. हा गेम बनवणाऱ्या आर्केनवाल्यांना खरं तर अल्टिमा अंडरवर्ल्ड या जुन्या भुयारी गेमचा तिसरा भाग करायचा होता, ते जमलं नाही म्हणून हा केला. तो वारसा दिसतो की.

जुनाखेळ्या: वारसा मान्य, पण आर्केननेच २००६ च्या डार्क मसाया या गेममध्ये रून काढणं टाकून दिलं ना? तिथे मंत्र निवडा, क्लिक करा, नाहीतर लाथ घालून ऑर्कला खिळ्यांवर ढकला. ज्यांनी बनवलं त्यांनाच नको झालं, मग आपण कशाला कवटाळून बसायचं.

भुयारी: टाकलं म्हणजे वाईट होतं असं थोडंच आहे! तो मारामारीचा गेम, त्यात थांबून रेघा कोण काढणार. बाय द वे, २०११ मध्ये आर्क्सचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला झाला, त्यावरून लोकांनी आर्क्स लिबर्टाटिस ही सुधारित आवृत्ती केलीय, आजच्या मशीनवर खेळायचा तर तीच घ्या.

रेघोट्या: घेतो. पण मी तलवारवालाच होणार, आधीच सांगतो.