मदत हवी आहे: ६-एमपी सुरू होण्याआधी जनुकीय चाचणी कोणी केली आहे का?

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला रक्ताचा कर्करोग (एएलएल) आहे. आता मेंटेनन्सचा (आजार परत येऊ नये म्हणून दीर्घकाळ औषध देण्याचा) टप्पा येतोय, म्हणजे रोज ६-मर्कॅप्टोप्युरिनची (६-एमपी) गोळी. हे औषध शरीरात निकामी करणारी एन्झाइम बनवणाऱ्या टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ या जनुकांत दोष असेल तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी फार खाली जातात, आणि मग साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. टीपीएमटीच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर डोस दहाव्या हिश्शावर किंवा त्याहून खाली आणावा लागतो. एनयूडीटी१५चे दोष युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळतात. त्यामुळे नुसती टीपीएमटी तपासणं मला अपुरं वाटतं.

डॉक्टर म्हणतात, दर वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघून डोस ठरवू. ते करावंच लागणार, पण धोका आधी कळला तर पोरीचा त्रास वाचेल ना?

तिला नुकतंच रक्त चढवलंय. त्यातल्या दात्याच्या पेशींमुळे टीपीएमटी एन्झाइमची तपासणी चुकू शकते, म्हणून डीएनएवरची चाचणीच करावी असा विचार आहे.

तुमच्या मुलांची चाचणी कोणत्या टप्प्यावर झाली? रिपोर्टला किती दिवस लागले? दोष निघाल्यावर डोस कसा बदलला? आणि डॉक्टरांकडे हा विषय कसा काढलात, तेही कृपया सांगा.