मिसेला खुशाल जा

गोव्यात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, हिंदूंनी गेलं तर चालतं का, असं एकाने विचारलंय. अहो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला या. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या पाया पडायला आम्हा हिंदूंची किती माणसं असतात ते दिसेल. खाज्याच्या (जत्रेतल्या गोड खाऊच्या) दुकानांवर तर आमचेच खाजेकार! २४ च्या रात्रीची मीस बऱ्याच गावांत चर्चसमोरच्या पटांगणातच होते. मागची खुर्ची धरा, सगळे उभे राहिले की उभे राहा. फक्त प्रसादाच्या ओस्तीसाठी (पातळ चकतीसाठी) रांगेत जाऊ नका, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच. बसून राहिलात तर कोणाला खटकत नाही. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून कुस्वाद (नाताळचा फराळ) आला, दोदोल-नेवऱ्या वगैरे, तर ताट रिकामं परत पाठवू नका. चवथीला (गणेश चतुर्थीला) आपल्याही नेवऱ्या तिकडे जातातच की. स्वेटर मात्र न्या, दंव पडतं.