गृहकर्ज मुदतीआधी फेडलेल्यांनो, कसं जमवलंत ते लिहा

कर्ज घेताना माहितीचा पूर असतो, कुठून घ्या, किती घ्या, दर काय. ते लवकर संपवायचं कसं हे मात्र ज्यांनी संपवलंय त्यांच्याकडूनच कळतं, म्हणून हा धागा. ठरलेल्या हप्त्यापेक्षा जास्त भरून कर्ज मिटवलेले, सध्या भरत असलेले, आणि नीट विचार करून जास्तीचं भरायचं नाही असं ठरवलेले, सगळ्यांनी लिहा. रकमा उघड करायची गरज नाही, टक्के आणि वर्षं सांगितली तरी पुरे.

सुरुवात मी करते. २० वर्षांचं कर्ज, दर ८.५ टक्के. पहिल्या महिन्याचा हप्ता फोडून बघितला तर त्यातले जवळपास ८२ टक्के व्याज आणि उरलेलं मुद्दल. याच दराने हप्ते नुसते भरत राहिलं तर अर्धं मुद्दल फिटायला पावणेचौदा वर्षं लागतात, आणि शेवटी घेतलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त भरलेलं असतं. हे कळल्यावर आम्ही दोघांनी दर महिन्याला हप्त्याच्या १० टक्के जास्त भरायला सुरुवात केली, बाकी काही नाही. एवढ्यानेच २० वर्षांची १६ होतात आणि एकूण व्याजातलं २० टक्क्यांहून जास्त वाचतं. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं की मोठी रक्कम हातात येईपर्यंत थांबू नका, छोटीच पण पहिल्या वर्षापासून भरा.

---

छान धागा. आमच्याकडे पगारवाढीशी जोडलं होतं. दरवर्षी हप्ता ५ टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे पगार वाढला की आधी हप्ता वाढणार मग घरखर्च. तुमच्याच उदाहरणात, २० वर्षं आणि ८.५ टक्के, असं केलं तर कर्ज सव्वाबारा वर्षांच्या आसपास संपतं. पहिली दोनतीन वर्षं काही फरक पडतोय असं वाटतच नाही, मुद्दल हलायचं नाव घेत नाही, बायको म्हणायची अहो हे चाललंय ते खरंच उपयोगाचं आहे ना, आणि मग सहासात वर्षांनंतर आकडा असा भराभर खाली यायला लागतो की दर महिन्याला स्टेटमेंट उघडायची उत्सुकता वाटते. वाढलेला पैसा हातात खेळायच्या आतच कर्जात गेल्याने त्याची सवयच लागली नाही, हे या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ आहे.

---

मी कर्ज विभागात बरीच वर्षं काम केलंय म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. जास्तीचे पैसे भरताना ते मुद्दलात वळते करा आणि मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा असं लेखी द्या. हप्ता कमी करून घेतलात तर महिन्याचा ताण हलका होतो पण व्याजाची बचत बरीच कमी होते, कारण कर्ज तेवढीच वर्षं चालू राहतं. आणि काही ठिकाणी जास्त आलेली रक्कम पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून नुसती पडून राहते, मुद्दल कमी होतच नाही. भरल्यानंतर नवीन शेड्यूल मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलीये का ते डोळ्यांनी बघा.

लवकर भरण्याला एवढं महत्त्व का तेही सांगतो. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी एक हप्ता जास्तीचा भरलात तर शेवटचे जवळपास पाच हप्ते उडतात. तोच जास्तीचा हप्ता पाच वर्षं उरलेली असताना भरलात तर जेमतेम दीड उडतो. पैसे तेवढेच, फक्त वेळ वेगळी.

---

वरच्या दादांनी मुदतीचं लिहिलंय ते पटलं पण माझी परिस्थिती वेगळी आहे. माझा स्वतःचा व्यवसाय, उत्पन्न कधी भरपूर कधी काहीच नाही. मी मुद्दाम हप्ता कमी करून घेतला आणि चांगल्या महिन्यात मोठ्या रकमा भरत गेले. वाईट काळात कमी हप्त्यामुळे झोप लागायची. आणि हप्ता कमी केला तरी आपण आपल्या मनाने जुन्या हप्त्याएवढंच भरत राहिलो तर मुदत जवळपास तेवढीच कमी होते, फक्त शिस्त आपली आपण पाळावी लागते. ज्यांचा पगार ठरलेला नाही त्यांनी हा पर्याय सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

---

थोडी काळजीची बाजू मांडतो. माझ्या भावाने येईल तो पैसा कर्जात घातला, हौसेने, दोन वर्षांत बरंच मुद्दल खाली आणलं. मग कंपनीने विभागच बंद केला. हातात रोख जवळजवळ काही नाही, आणि आधी एवढं जास्तीचं भरलंय म्हणून चालू हप्त्यात सूट मिळत नाही, त्या महिन्याचा हप्ता त्या महिन्याला द्यावाच लागतो. कर्ज देणाऱ्या संस्थेने त्याला सरळ सांगितलं की भरलेलं परत मिळणार नाही, हवं तर टॉप-अप लोनसाठी, म्हणजे त्याच घरावर आणखी कर्जासाठी, अर्ज करा, आणि नोकरी नसलेल्याला टॉप-अप कोण देणार. आम्ही सगळ्यांनी मिळून निभावून नेलं. तेव्हा आधी किमान सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते बाजूला, मग क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन असेल तर ते, कारण त्यांचा दर कितीतरी जास्त असतो, आणि मग गृहकर्ज. हा क्रम उलटा करू नका.

---

वरच्या काळजीवर एक उपाय आहे तो म्हणजे ऑफसेट खातं. मी ऑस्ट्रेलियात आहे, इथे हे खूप चालतं. गृहकर्जाला जोडलेलं बचत खातं असतं, त्यात जेवढी शिल्लक तेवढी मुद्दलातून वजा धरून उरलेल्यावर व्याज लागतं. व्याज वाचतं आणि पैसे लागले तर त्याच दिवशी काढता येतात. भारतातही काही बँकांकडे अशा प्रकारची ओव्हरड्राफ्ट सोय असलेली गृहकर्जं आहेत, दर बहुतेकदा थोडा जास्त असतो, त्यामुळे खात्यात खरोखर चांगली शिल्लक राहणार असेल तरच घ्यावं. पैसे समोर दिसले की खर्च होतात अशांनी सरळ मुद्दलातच भरावं.

---

दंडाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मी ब्रिटनमध्ये, इथे बहुतेक कर्जांचा दर पहिली काही वर्षं ठरवून घेतलेला असतो आणि त्या काळात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर दंड लागतो. बऱ्याच करारांत वर्षाला शिल्लक कर्जाच्या १० टक्क्यांपर्यंत जास्तीचं भरायला मुभा असते. आम्ही दरवर्षी त्या मर्यादेच्या आत राहून भरलं आणि ठरलेल्या दराची मुदत संपून नवीन करार करायच्या मधल्या वेळात साठवलेली मोठी रक्कम एकदम भरली. भारतात हा प्रश्न पुष्कळ सोपा आहे, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना व्यक्तींच्या फ्लोटिंग, म्हणजे वरखाली होणाऱ्या, दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घ्यायला मनाई केली. फिक्स्ड दर असेल तर मात्र करार वाचा.

---

मी न भरणाऱ्यांतला. माझा कर्जाचा दर कमी होता आणि निवृत्ती लांब होती त्यामुळे जास्तीचा पैसा म्युच्युअल फंडात घातला. हिशोब साधा आहे, गुंतवणुकीतून कर वजा जाता जे मिळेल ते कर्जाच्या दरापेक्षा जास्त असेल तर न फेडण्यात फायदा. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कर्ज फेडून वाचणारं व्याज पक्कं असतं आणि बाजाराचा परतावा पक्का नसतो. त्याच पैशाची एफडी करायचा विचार असेल तर तो सोडा, एफडीचं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा बहुतेक वेळा कमीच असतं आणि त्यावर करही लागतो. करसवलत मिळते म्हणून कर्ज ठेवा असं सांगणारेही भेटतात, त्यांना विचारा की सवलत व्याजाच्या किती टक्के मिळते, पूर्ण व्याज तर कोणी परत देत नाही.

---

दर वाढतात तेव्हा काय होतं हेही लक्षात असू द्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, त्याच्यामागून आपल्या कर्जाचा दर हलतो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा आमचा हप्ता तोच राहिला आणि मुदत वाढत गेली, ती किती वाढली हे आम्ही विचारल्यावर कळलं. नवीन २० वर्षांच्या कर्जाचा दर ८.५ वरून १०.५ झाला तर जुना हप्ता नुसत्या व्याजालाही पुरत नाही, मुद्दल उलट वाढायला लागतं! तेव्हापासून दर वाढला की आम्ही स्वतःहून हप्ता वाढवून घेतो, आणि दर उतरला की हप्ता कमी करत नाही, तोच ठेवतो. उतरत्या दरात जुनाच हप्ता चालू ठेवणं म्हणजे काही वेगळं न करता जास्तीचं भरणंच आहे, ज्यांना वेगळी रक्कम काढणं जमत नाही त्यांनी एवढं तरी करा.

---

सगळ्यांचे अनुभव वाचून खूप बरं वाटतंय, लिहीत रहा. आगाऊ हप्त्याच्या खात्यात पैसे पडून राहण्याबद्दल मला माहीत नव्हतं, उद्याच आमचं शेड्यूल मागवते.

---

आमचं मागच्या वर्षी पूर्ण फिटलं. आईबाबांनी आमच्यासाठी काढलेलं कर्ज, बाबा गेल्यावर मी आणि बहिणीने हप्ते घेतले आणि दोघींचा बोनस दरवर्षी त्यातच घातला. शेवटचे पैसे भरल्यावर काम संपत नाही एवढंच सांगायला आले. मूळ कागदपत्रं, कर्ज बाकी नसल्याचं पत्र, नोंदवलेला बोजा काढून टाकणं, हप्त्याची ऑटो डेबिट सूचना बंद करणं, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज बंद दिसतंय का बघणं, हे सगळं मागे लागून करून घ्या. भारतात रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं द्यायची, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आम्हाला आधी दोन महिने लागतील असं सांगितलं होतं, बहिणीने या नियमाचा उल्लेख करून मेल केला आणि मुदतीच्या आत फाइल मिळाली. पानं मोजून, यादीशी ताडून मगच सही केली. कर्ज आईच्या नावावर होतं म्हणून आईलाच न्यायला लागलं, तिने फाइल स्वतःच्याच हातात धरून आणली.