मदत हवी आहे : इराणी विद्यार्थ्यांचं इंग्रजी, सुरुवात कुठून करू?

चैत्रपालवी
पुण्यात दोन इराणी विद्यार्थ्यांची आयेल्ट्सची शिकवणी घेतली आहे. आठवड्याला 3 तास, परीक्षेला 12 आठवडे. चार पर्यायांचे व्याकरणाचे प्रश्न पटापट सोडवतात. बोलायला लागले की 'एस्टुडंट', 'एस्कूल', 'पेलीज'. बहिणीबद्दल सांगताना मधेच 'ही' येतो. लेखनात 'द बुक दॅट आय बॉट इट'. मला फारसी येत नाही. सगळंच सुधारायला गेलं की बोलणं बंद पडतं. आधी कशाला हात घालू?

अनुस्वार_०७
'एस्टुडंट'ला. फारसीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर नसतंच, शेवटी मात्र चालतं: 'दस्त' म्हणजे हात. म्हणजे 'स्त' जिभेला जमतो, फक्त जागा नवी आहे. म्हणून 'स'ला आधीच्या शब्दाला टांगा. 'धिस टॉप' दहादा म्हणवून घ्या, मग 'धि' पुटपुटत, मग नुसतं 'स्टॉप'. गळ्यावर बोट ठेवायला लावा. 'स्' निघण्याआधीच थरथर जाणवली तर 'ए' घुसला समजा.

'प्लीज', 'ब्लू'ला ही युक्ती लागू नाही, तिथे स्वर मधे शिरतो. ओठ मिटलेले असतानाच जीभ 'ल'च्या जागी नेऊन ठेवायची, मग ओठ उघडायचे.

स्वर सहाच आहेत, म्हणून 'शिप' आणि 'शीप' एकच होतात. नुसतं ऱ्हस्व-दीर्घ सांगून भागत नाही (आपलंही ते बरंचसं कागदावरच असतं). 'शिप'मधला स्वर त्यांच्या 'ए' आणि 'ई'च्या मधोमध पडतो, असं सांगा.

काजवा
मला धोका दुसरीकडे दिसतो. 'एस्टुडंट' तुम्हाला खटकतं, ते सुधारेल. ज्या चुका मराठी कानाला खटकतच नाहीत त्या राहून जातील. परीक्षेला बसणं म्हणजे फारसीत 'एम्तेहान दादन', शब्दशः परीक्षा देणं! त्यामुळे 'आय गेव्ह द एक्झॅम' शिकणाऱ्यालाही बरोबर वाटतं आणि शिकवणाऱ्यालाही. 'आय ॲम ॲग्री' आणि 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' ही दोन्ही भाषांच्या वळणातून येतात. त्यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग घरी ऐका आणि फक्त या चुकांवर खुणा करा.

'व'चंही तेच. मराठीत एकाच 'व'वर दोन इंग्रजी अक्षरं (v आणि w) भागतात. ते वरचे दात खालच्या ओठाला लावून 'वेस्ट' म्हणतात, म्हणजे पश्चिमेचा बनियन होतो. आरशासमोर 'ऊ-एस्ट' म्हणायला लावा, ओठ गोल, दात लांब, मग 'ऊ' आखडता घ्या.

आणि 'थिंक' आपल्या 'थ'ने शिकवू नका, ते 'त' ऐकतील. एरवी 'सिंक' म्हणतीलच. कुराणपठणाचे नियम शिकले असतील तर 'से' आणि 'झाल' या अक्षरांचे अरबी उच्चार आठवायला सांगा. जीभ दातांमध्ये आपोआप जाते. 'वाव'चा अरबी उच्चारही हवा तोच, गोल ओठांचा. सगळ्यांनाच हा विषय रुचतो असं नाही, बेताने विचारा.

चैत्रपालवी
'एक्झॅम दिली' मीही म्हणते! 'ही-शी'चं काय पण? नियम तर पाठ आहे.

अनुस्वार_०७
फारसीत तो आणि ती दोघांनाही 'ऊ' हा एकच शब्द. त्यामुळे नियम समजावण्यात वेळ घालवू नका, हा सवयीचा भाग. रोज सुरुवातीची 2 मिनिटं, आलटूनपालटून बाई-पुरुषांची चित्रं, प्रत्येकावर तीन वाक्यं, वेगात. बोलताना टोकू नका. चुकलं की कागदावर एक रेघ, शेवटी रेघा दाखवा.

'बॉट इट'साठी कात्री घ्या. 'धिस इज द बुक' आणि 'आय बॉट इट' दोन पट्ट्यांवर लिहा. मधे 'दॅट'ची पट्टी लावली की 'इट' कापून टाकायचा, त्यांच्याच हाताने. फारसीत तिथे सर्वनाम ठेवलेलं चालतं, म्हणून नुसती लाल रेघ मारून कारण कळत नाही.

'थ्री बुक' पण ऐकू येईल. फारसीत आकड्यानंतर नाम एकवचनीच राहतं.

काजवा
अजून दोन किरकोळ. 'माय मशीन' म्हणाले तर गाडी समजा, फारसीत मोटारीला 'माशीन' म्हणतात. आणि आलेखाचं लेखन द्याल तेव्हा आकडे बघा. इराणात हाताने लिहिताना दशांशचिन्हाच्या जागी तिरपी रेघ मारतात, साडेतीन म्हणजे 3/5. तपासणारा तो अपूर्णांक वाचेल. श्रवणाच्या उत्तरपत्रिकेत तर सरळ चूकच धरतील, तेव्हा पहिल्या आठवड्यातच टिंब द्यायची सवय लावा.