ब्राझील-बोलिव्हिया सीमाकरार: आधी कोणती भाषा शिकू?

खानापूरकर: बेळगावात इतिहासात एम.ए. करतेय. घरी मराठी, शाळेत कन्नड. विषय आक्रे प्रांताचा, म्हणजे बोलिव्हियाने ब्राझीलला दिलेल्या मुलखाचा, १९०३चा पेत्रोपोलिस करार. सीमाभागातच वाढले, त्यामुळे नकाशावरची रेघ कोण, कशी ओढतं हे मुळापासून समजून घ्यायचंय. पोर्तुगीज आधी की स्पॅनिश?

निपाणीकर: पोर्तुगीज, डोळे झाकून! रिओ ब्रांको तेव्हा ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री. त्या खात्याचं जुनं दप्तर रिओ दि जानेरोच्या इतामाराती वाड्यात आहे. चोर्ला घाट उतरलीस की गोवा, पणजीत शिकवणारे भेटतील.

चिकोडीचे सर: पण बाळ, बोलिव्हियाची बाजू स्पॅनिशमध्ये आहे. २० लाख पौंड आणि रेल्वेचं वचन घेऊन त्यांनी आक्रे सोडला. ज्यांचा मुलूख गेला, त्यांचेही कागद वाचायलाच हवेत.

खानापूरकर: पटलं सर. पोर्तुगीज लगेच, स्पॅनिश मे महिन्याच्या सुट्टीत.