शब्दचर्चा : रेमिशनला मराठीत काय म्हणावं? (व्हॅस्क्युलायटिसच्या संमतीपत्रकासाठी)

मुळाकाठ

पुण्यातल्या एका रुग्णालयात व्हॅस्क्युलायटिसवरच्या औषधांच्या चाचण्या चालतात. त्यांची रुग्णमाहितीपत्रकं आणि संमतीपत्रकं मराठीत आणायचं काम माझ्याकडे असतं. सध्याच्या पत्रकात 'रेमिशन' (उपचारांनी आजार शमलेला असण्याची अवस्था) हा शब्द पानोपानी आहे. जुन्या पत्रकांत कुणी त्याचं 'रोगमुक्ती' केलंय, कुणी सरळ 'आजार बरा होणे'. मला दोन्ही धोक्याचे वाटतात.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर हल्ला करते, भिंती सुजतात, वाहिनी अरुंद होते किंवा फुटते. अँका व्हॅस्क्युलायटिस हा त्यातला एक गट, तो बारीक वाहिन्यांचा. त्यात नाक, फुप्फुसं, मूत्रपिंड यांना धोका असतो. औषधांनी आजार शमतो, पण पुढेही औषध चालू ठेवावं लागतं. फ्रान्समधल्या मेनरिटसान अभ्यासात (२०१४) सगळेच रुग्ण रेमिशनमध्ये होते. त्यांपैकी काहींना रिटुक्सिमॅब दिलं, काहींना अ‍ॅझाथायोप्रिन. २८ महिन्यांत आजाराने मोठी उचल खाल्ली ती पहिल्या गटात ५ टक्के लोकांत आणि दुसऱ्या गटात २९ टक्के लोकांत. म्हणजे रेमिशन ही राखावी लागणारी अवस्था आहे. 'बरा झाला' असं वाचलेला माणूस गोळ्या कशाला घेईल?

उपशम, शमन, रोगविराम एवढे पर्याय मला सुचले. इंदापूरहून एसटीने स्वारगेटला उतरून येणाऱ्या माणसाला यातला एकही कळेल असं वाटत नाही. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार पत्रक सहभागी होणाऱ्याला समजेल अशा साध्या भाषेत असणं बंधनकारक आहे. तेव्हा मदत हवी आहे.

दौंडलोकल

आमच्याकडे 'उतार पडणे' म्हणतात. तापाला उतार पडला, खोकल्याला उतार आहे. उतार पडला म्हणजे दुखणं मुळासकट गेलं असं कुणीच समजत नाही, अजून दोन दिवस जपा असाच त्याचा अर्थ.

त्याच्या पुढचे शब्दही तयार आहेत. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा जोर धरू लागलं की त्यानं 'उचल खाल्ली'. बरं वाटत असताना परत पहिल्या पायरीवर आलं की 'उलटलं'. टायफॉइड उलटला हे तर अजूनही सर्रास म्हणतात. रिलॅप्सला, म्हणजे शमलेला आजार परत येण्याला, याहून नेमका शब्द कोणत्या कोशात मिळणार? पुनरावर्तन, पुनरुद्भव हे शब्द पत्रकात पाहिले की मला वाईट वाटतं. घराघरांत बोलला जाणारा शब्द सोडून आपण कुणासाठी लिहितोय?

नाडीपरीक्षा

मी वैद्य आहे, म्हणून 'उपशम'विषयी बोलतो. अर्थ बरोबर आहे, शांत होणे. पण त्याच्या शेजारीच 'उपशय' आहे. ते निदानपंचकातलं, म्हणजे रोग ओळखायच्या पाच साधनांतलं एक अंग : काय दिल्याने रोग्याला बरं वाटतं त्यावरून रोग ओळखणे. दोन्हींत गल्लत होते, विद्यार्थ्यांचीही होते. पत्रकात 'उपशम' नको.

तुम्हाला जी कल्पना सांगायची आहे तिला आयुर्वेदात शब्द आहे : याप्य. साध्य आणि असाध्य यांच्या मधला. उपचार चालू आहे तोवर रोग धरून ठेवता येतो आणि उपचार थांबला की माणूस ढासळतो. सुश्रुतसंहितेत यासाठी पडू घातलेल्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टान्त आहे. मात्र याप्य हे आजाराच्या जातीचं वर्णन झालं. आज रोग्याची अवस्था काय आहे, हे त्यातून कळत नाही. तेव्हा पत्रकात शब्द घालू नका, पण टेकूची गोष्ट रोग्याला तोंडी जरूर सांगा. आमच्याकडे येणाऱ्यांना ती लगेच पटते.

चौथामजला

मी अशाच चाचण्यांत समन्वयक आहे. 'उतार'बद्दल माझी एक अडचण आहे आणि ती महत्त्वाची आहे.

चाचणीत रेमिशन म्हणजे 'बरं वाटतंय' असं नसतं, ते मोजलेलं असतं. बर्मिंगहॅमची एक गुणपद्धत आहे. तिच्यात त्वचा, डोळे, नाक-कान, छाती, मूत्रपिंड, नसा अशी एकेक अवयवसंस्था तपासून आजार किती जागा (सक्रिय) आहे याचे गुण देतात. २०१० च्या रेव्ह चाचणीत १९७ रुग्ण होते. सहा महिन्यांनी गुण शून्य हवेत आणि प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टेरॉइड पूर्ण बंद हवं, तरच रेमिशन धरलं गेलं. रिटुक्सिमॅब घेतलेल्यांत ते ६४ टक्क्यांना साधलं आणि सायक्लोफॉस्फमाइड घेतलेल्यांत ५३ टक्क्यांना. २०२१ च्या अ‍ॅडव्होकेट चाचणीत २६ व्या आठवड्याला गुण शून्य आणि त्याआधीचे चार आठवडे आजारासाठी स्टेरॉइड नाही, अशी अट होती. ५२ व्या आठवड्यालाही तसंच असेल तर ते टिकलेलं रेमिशन. ते अ‍ॅव्हाकोपॅन घेतलेल्यांत ६५.७ टक्के निघालं आणि स्टेरॉइडच्या गटात ५४.९ टक्के.

आता बघा, एखाद्या बाईंना काहीच त्रास नाही, पण त्या अजून रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर आहेत. बोलीत त्यांना उतार नक्कीच पडलाय. रेव्हच्या व्याख्येत मात्र त्या रेमिशनमध्ये नाहीत. 'उतार' म्हणजे आजार कमी होत जाणं, आणि आपल्याला हवी आहे ती 'आजाराची खूण सापडत नाही' अशी स्थिती.

दुसरं म्हणजे उलट भाषांतर. आपलं मराठी पत्रक कुणी तिसराच माणूस मूळ इंग्रजी न बघता परत इंग्रजीत आणतो आणि दोन्ही मजकूर एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जातात. 'उतार'चं तिकडे घसरण, रस्त्याचा उतार, काहीही होऊ शकतं. मग प्रश्नांची यादी येते आणि पत्रक महिनाभर अडकतं.

शेवंती

माझ्या बहिणीला ताकायासू आहे. मोठ्या धमन्यांचा व्हॅस्क्युलायटिस. १९०८ साली जपानच्या ताकायासू नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी वर्णन केला, म्हणून ते नाव. आपल्या आशियात तरुण मुलींमध्ये जास्त आढळतो.

तिच्या डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. नवीन सिस्टर असल्या की डाव्या दंडाला पट्टा बांधतात, फुगवतात, आकडा येत नाही, परत फुगवतात. शेवटी ती स्वतःच उजवा हात पुढे करते. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "रेमिशन आहे, छान." बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "बरी झाले तर नाडी का नाही आली मग?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांनी समजावलं. आजार आता शांत आहे, पण तो जागा असताना धमनी जिथे अरुंद झाली तिथे व्रण राहिलाय, तो औषधानं जात नाही. 'शांत' हा शब्द तिला कळला. घरी तीच सगळ्यांना सांगते, "आजार शांत आहे."

मुळाकाठताई, शब्द कोणताही घ्या, पण झालेलं नुकसान वेगळं आणि आजार जागा असणं वेगळं हे त्याच परिच्छेदात लिहा. कळकळीने सांगते.

चौथामजला

शेवंतीताई म्हणतात ते अगदी खरं आहे. अभ्यासातही दोन्हींची मोजणी वेगवेगळी ठेवतात. जागेपणाचे गुण शून्यावर येऊ शकतात, नुकसानाचे गुण एकदा चढले की उतरत नाहीत.

दौंडलोकल

'शांत'ला माझाही पाठिंबा. 'आटोक्यात' कसा वाटतो?

पर्वतीपायथा

मी एका एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसते. वैद्यकाशी संबंध नसलेला सदस्य समितीत असावाच लागतो, ती मी. माझं काम एवढंच, पत्रक मला कळलं नाही तर हात वर करायचा.

'आटोक्यात' नको. आग आटोक्यात आली म्हणजे अजून धुमसते आहे. थोडा आजार शिल्लक असल्याच्या अवस्थेला तो शब्द राखून ठेवा, त्या अवस्थेचा उल्लेखही अशा पत्रकांत येतोच. 'शांत' मला वाचताक्षणी कळला.

'उलटणे'विषयी मात्र एक शंका आहे. 'तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्यावर उलटते' हे वाक्य ऑटोइम्यूनच्या जवळपास प्रत्येक पत्रकात पहिल्या पानावर असतं. चौथ्या पानावर 'आजार उलटू शकतो' आलं तर वाचणारा गोंधळेल. एका पत्रकात एका क्रियापदाचे दोन अर्थ नकोत. आणि 'प्रतिकारशक्ती' शब्दालाच जपा. कमी झाली असेल म्हणून वाढवायला हवी असं समजून लोक काढे सुरू करतात आणि इथे औषध तर तिला दाबायचं असतं.

मुळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्वतीपायथा यांची शंका बरोबर आहे. म्हणून पहिल्या पानावरचं 'उलटते' काढून 'हल्ला करते' केलं आणि 'उलटणे' रिलॅप्ससाठी ठेवलं. 'रेमिशन' शब्दही ठेवतेय, कारण रुग्णाला तो ओपीडीत कानावर पडणारच आहे. आताचा मसुदा असा :

'या चाचणीत रेमिशन म्हणजे आजार शांत असणे. डॉक्टर तपासतील तेव्हा आजार जागा असल्याची एकही खूण सापडणार नाही आणि तुमचं स्टेरॉइड ठरलेल्या मुदतीपासून बंद असेल. रेमिशन म्हणजे आजार कायमचा गेला असे नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध बंद करू नका. आजार शांत झाल्यावर तो पुन्हा उलटू शकतो. आधी झालेले नुकसान, उदाहरणार्थ अरुंद झालेली धमनी किंवा कमी झालेले ऐकू येणे, आजार शांत झाल्यावरही तसेच राहू शकते.'

उलट भाषांतर करणाऱ्यांसाठी पाच शब्दांची यादी सोबत जोडते : शांत, आटोक्यात, उचल खाणे, उलटणे, नुकसान.

पर्वतीपायथा

कळलं. हात वर करत नाही.

शेवंती

'कमी झालेले ऐकू येणे' जरा अडतंय. 'ऐकू कमी येणे' करा. बाकी बहिणीला वाचून दाखवलं, तिने 'स्टेरॉइड बंद असेल' याच्या खाली रेघ मारायला सांगितलीय. ते आपण मनाने बंद करायचं की डॉक्टर करतील, हे त्याच वाक्यात हवं म्हणते.

मुळाकाठ

'डॉक्टरांनी हळूहळू कमी करत ठरलेल्या मुदतीपासून बंद केलेले असेल' असं केलं. बहिणीला सांगा, रेघ मारली.